पोलादपूरच्या दुकानात भरदुपारी दिवा

नातवंडांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातली थोरली अगदी रडकुंडीला आली होती. तिकडच्या बँकेने तिला कर्ज नाकारलं, कारण तिने आजवर कर्ज काढलेलंच नाही. आधी दुसऱ्या कोणी दिलेलं असेल तर आम्ही देऊ, असं त्यांचं म्हणणं. मला हसू आवरेना, आणि तिला माझा राग आला. म्हणून हे आजच लिहायला घेतलं आहे. तुमचं मराठी वाचन अजून बरं आहे, तोवर वाचून घ्या. हेच वाक्य तुमच्या पणजोबांनी महाडच्या बाजारात निदान दहा दुकानांत ऐकलं होतं. फरक इतकाच, की त्यांचं त्याआधी दिवाळं निघालेलं होतं.

तुमचे पणजोबा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणत असे. पोलादपूरला एसटी थांबते तिथेच रस्त्याला लागून त्यांचं वाणसामानाचं दुकान होतं आणि मागे आमचं घर. माझ्या लग्नाच्या थोडं आधी ते बुडालं. त्यात मामंजींचा धंदा चुकला नव्हता. एका सोयऱ्याने घाटात चालवायला ट्रक घेतला, मामंजी त्याला जामीन राहिले, आणि एका पावसाळ्यात ट्रक दरीत गेला व सोयरा मुंबईला गेला. कोर्टाने मामंजींना नादार ठरवलं. पुढे त्यांनी शेत विकून लोकांची देणी फेडली, पण फेडल्याची बातमी बुडाल्याच्या बातमीइतकी लांब जात नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानाला कुलूप होतं आणि मामंजी रोज सकाळी ते उघडून, झाडून, पुन्हा लावत. तुमचे आजोबा शाळेत मास्तर होते. त्यांच्या नावावर महाडहून माल सहज उधार मिळाला असता. मामंजी ऐकायला तयार नव्हते.

"माल माझ्या नावावर आला तर मी दुकानदार," ते म्हणाले. "तुझ्या नावावर आला तर मी तुझा गडी. मला गडी ठेवायचा असेल तर पगार सांग."

तुमच्या आजोबांनी छत्री उचलली आणि ते शाळेला निघाले.

मग ते दर आठवड्याला काळा कोट घालून महाडला जाऊ लागले. महाडच्या बाजारात नकार कोणी तोंडाने देत नसे, चहा पाजून देत. पूर्वी मामंजींना गादीवर बसवून चहा मिळे. आता तो पायरीशेजारच्या बाकावर मिळू लागला. संध्याकाळी ते घरी येऊन सांगत, आज चार कप झाले. सासूबाई ओळखायच्या की चार नकार झाले, आणि जेवणात आंबट कमी घालायच्या, कारण चहाने त्यांना पित्त होई. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: आमची ना नाही हो, पण आधी दुसऱ्या कोणी दिलंय का?

मी बी.ए. होते, त्यामुळे मला वाटे की नीट अर्ज केला की जगात सगळं मिळतं. मी एका पतपेढीला मामंजींच्या वतीने इंग्रजीत सुंदर अर्ज लिहिला. तिथल्या कारकुनाने अक्षराची फार तारीफ केली आणि दोन जामीन आणायला सांगितले. जामीन राहून बुडालेल्या माणसाने दोन जामीन शोधायला निघायचं, हे ऐकून मामंजी पतपेढीतच हसत सुटले. शिपायाने त्यांना पाणी आणून दिलं.

शेवटी दिलं ते तिघांनी, आणि तिघांनीही चोरून दिलं.

पहिले महाडचे गुळाचे व्यापारी. देहाने भारदस्त, मनाने भित्रे. त्यांनी थोड्या ढेपा दिल्या, पण अट घातली की बाजारात कळता कामा नये, लोक मला खुळ्यात काढतील. दुसरे तेलवाले. त्यांनी डबे दिले आणि अट तीच घातली, वर म्हणाले, विशेषतः गूळवाल्यांना सांगू नका. तिसरी जवळच्या कापडे गावची एक शेतकरीण. तिची भातशेती मोठी, मुलगे मुंबईत. नादारीनंतर मामंजींनी सर्वांत आधी तिचं देणं फेडलं होतं, ते ती विसरली नव्हती. तिने तांदूळ दिले, पण मुलग्यांच्या कानावर जाऊ देऊ नका म्हणाली.

गूळ आला तो बैलगाडीतून, वर पेंढा टाकून. दारात एवढा पेंढा उतरलेला पाहून आम्ही म्हैस घेतली असं आळीला वाटलं, आणि शेजारीण दुधाचा रतीब ठरवायला आली. सासूबाईंनी तिला म्हैस आटलेली आहे असं सांगून वेळ मारून नेली.

दुकान उघडलं खरं, पण पुढे सरकेना. मीठवाला, साखरवाला, सगळे अजून विचारत होते, कोणी दिलंय का? आणि मामंजी शब्दाला बांधलेले, त्यामुळे सांगता येत नव्हतं. "माझी पत आहे," ते म्हणायचे, "पण गोषात आहे."

आषाढातली एक दुपार. बाहेर मुसळधार, दुकानात काळोख. मी मागे स्वयंपाकघरात होते. मामंजींची हाक आली, कंदील आणा, पेटवून आणा. सासूबाई कंदील घेऊन धावल्या, मी त्यांच्या मागे. गुळाच्या ढेपांमागे साप शिरला होता. मामंजी फळीवर चढून उभे राहिले आणि कंदील उंच धरून उजेड दाखवू लागले. सासूबाईंना सापाचं भय नव्हतं. त्यांनी पोती ओढून ओटीवर काढली, मग तो गादीखाली गेला असेल म्हणून गादी उचलून उलटी टाकली. नेमकी तेव्हाच महाडला जाणारी एसटी समोर थांबली. सगळ्या खिडक्यांतून माणसं आमच्याकडे पाहत होती, आणि एकही माणूस हसत नव्हता. याचं मला नवल वाटलं. गाडी गेल्यावर मामंजींच्या तोंडाचं पाणी पळालं, ते सापामुळे नव्हे.

मला पुण्यात वाढल्यामुळे ठाऊक नव्हतं, ते सासूबाईंनी सांगितलं. जुन्या काळी व्यापारी बुडाला की तो भरदिवसा दुकानात दिवा लावी आणि गादी उलटी करून ठेवी. मग कोणी काही विचारायचं नाही, समजून घ्यायचं. असं करणारा कोणी उरला नव्हता, पण ते ओळखणारे अख्ख्या बाजारभर होते. आणि आमच्या दुकानात दिवा होता, उलटी गादी होती, ओटीवर काढलेला माल होता आणि या सगळ्यावर उंच उभे राहिलेले, एकदा बुडालेले मामंजी होते.

महाडहून परतीची गाडी आली तिच्यातून गूळवाले आणि तेलवाले उतरले. पुढे कळलं की दोघे गाडीत शेजारी बसून आले होते. गूळवाल्यांनी सांगितलं, आत्याला बघायला चाललोय. तेलवाले म्हणाले, मी देवाला. पोलादपूरला दोघांनी एकमेकांना आग्रहाने निरोप दिला आणि दोघेही आमच्या ओटीवर चढले. कापड्याची बाई त्यांच्या आधीच येऊन पोहोचली होती, डोक्यावर इरलं, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"तुम्ही इथे कसे?" गूळवाल्यांनी तेलवाल्यांना विचारलं.

"तुमची आत्या इथे राहते का?" तेलवाले म्हणाले.

"शेट, आदी तो दिवा इजवा," बाई मामंजींना म्हणाली. "राकेल फुकट जातंय. आन् माजे तांदूल हायत का नाय, तवढं सांगा."

मामंजींनी साप निघाल्याचं सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही. गूळवाले खिन्नपणे म्हणाले की बुडणाऱ्या माणसाला नेहमी काहीतरी निघतंच, मागे एकाच्या गोदामात भूत निघालं होतं. मामंजी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी तिघांसमोर कोठार उघडलं, घरातली पडवी दाखवली, गल्ला उपडा केला. माल होता तसा होता. तेलवाले डब्यांवर हात फिरवीत असताना गूळवाले ढेपांमागे वाकले, आणि धामण त्यांच्या हाताखालून निघाली.

एवढा भारदस्त माणूस इतक्या चपळाईने फळीवर चढलेला मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी कंदीलही हिसकावून घेतला. धामण शांतपणे ओटीवरून उतरली आणि गटारातून पुढे गेली. बाजारातली चार माणसं छत्र्या घेऊन समोर उभी होतीच. त्यांनी आता कंदील उंच धरलेले गूळवाले पाहिले.

"गूळवाल्यांचं पन गेलं काय?" त्यांच्यातला एक जण म्हणाला.

गूळवाल्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. मामंजी पुढे झाले आणि गंभीरपणे म्हणाले, "त्यांना काही झालेलं नाही. त्यांच्यासाठी मी जामीन आहे."

बाई पहिली हसली. मग तेलवाले, मग समोरचे छत्रीवाले, आणि खाली उतरता येईना म्हणून सर्वांत शेवटी गूळवाले.

चहा मी केला. तो पिता पिता तेलवाल्यांनी हळूच विचारलं, तुम्ही किती ढेपा दिल्यात? गूळवाल्यांनी सांगितलं. तेलवाल्यांनी कप खाली ठेवला. गूळवाल्यांसारखा भित्रा माणूस देतो, तर आपण इतके कमी डबे का दिले, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होतं. त्यांनी आणखी डबे पाठवतो म्हटलं. त्यावर गूळवाल्यांनी ढेपा वाढवल्या. बाई म्हणाली, मी काय वाढवायची नाय, पण परत न्यायची पन नाय.

मामंजी म्हणाले, "माल पाठवा, पण पेंढ्याखालून नको. भरदिवसा, माझं नाव घेऊन पाठवा. नाहीतर आहे तोही आत्ताच घेऊन जा."

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. पाऊस चालू होता, गाडीला वेळ होता, आणि गूळवाले कप फिरवत राहिले. मग म्हणाले, "आता लपवायला उरलंय काय? सगळ्या एसटीने बघितलं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी बैलगाडी आली ती वर काही न टाकता. हमालाने रस्त्यावरून मामंजींचं नाव घेऊन हाक मारली. मामंजी आतच होते, तरी त्यांनी ती दुसऱ्यांदा मारू दिली. त्या महिन्यात मीठवाले आणि साखरवाले आपण होऊन आले.

मामंजी जाऊन फार वर्षं झाली. तेलवाल्यांचा धंदा त्यांच्या मुलांनी बंद केला. कापड्याच्या बाईचं शेत तिच्या नातवंडांकडे आहे. आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईल विकतात. महाडच्या गुळाच्या दुकानात मात्र गूळवाल्यांचा नातू बसतो. आमच्या घरचा गूळ तिथूनच येतो, मामंजींच्या नावावर, आणि पैसे महिनाअखेरीला जातात.