येळवसची फील्ड व्हिजिट

साहेब पाळणाघराच्या दारात उभे होते आणि आत एकही लेकरू नव्हतं. झोळ्या रिकाम्या, खिचडीचं पातेलं पालथं.

"बेनिफिशियरी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"शेतात जेवायला गेलेत," मी म्हणाले. खरं होतं, पण पुण्याहून आलेल्या माणसाला पटण्यासारखं नव्हतं.

भूकंपानंतर लातुरात पुनर्वसनाला पैसा देणाऱ्यांची रीघ लागली होती. ती ओसरली आणि कोचिंग क्लासचं पीक आलं. मुलांसाठी होस्टेलं उठू लागली, ती बांधायला भोकर-उमरीकडून मजूर आले. बायका लेकरांना वाळूच्या ढिगावर झोपवून घमेली उचलायच्या. मला ते बघवायचं नाही. म्हणून आमच्या संस्थेनं एका अर्धवट होस्टेलच्या तळमजल्यावर पाळणाघर काढलं. मी तिथली को-ऑर्डिनेटर. साहेब फील्ड व्हिजिटला आले होते, म्हणजे पैसा देणाऱ्यांच्या वतीनं काम डोळ्यांनी बघायला. त्यांच्या शेऱ्यावर पुढच्या वर्षाचा फंड ठरणार होता.

आणि त्यांनी दिवस निवडला वेळ अमावस्येचा! आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी लातुरात कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं. सगळं गाव शेतात जेवायला जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या. मी फोनवर सांगून पाहिलं होतं. "वर्किंग डे आहे ना?" असं उत्तर मिळालं.

"बरं, लोकल कॉन्ट्रिब्युशन काय?" साहेबांनी पुढचा प्रश्न काढला.

म्हणजे इथल्या कुणीतरी जागा, पाणी, काहीतरी आपणहून द्यायला हवं. नाहीतर फंड बंद. जागा होती होस्टेलचे मालक बसवणप्पांची, आणि पोरांच्या कालव्याला वैतागून त्यांनी मला महिनाअखेर गाशा गुंडाळायला सांगितलं होतं. गंमत म्हणजे, आज पोरं त्यांच्याच शेतात होती. वर्षभर ज्यांच्या नावानं बोटं मोडली, त्यांनाच आप्पांनी सकाळी ट्रॅक्टर पाठवून नेलं होतं. येळवसला कुणी मागं राहिलेलं त्यांना चालत नसे.

"चला, शेतातच दाखवते," मी म्हणाले. दुसरा इलाज नव्हता.

शेतात कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसली होती. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली ताकाची आंबील. आमची पोरं तोंडं माखून जेवत होती. मजुरांचा मुकादम मारुती, भोकरचा, वाढायला उभा होता.

"आमच्याकडं असलं न्हाई बगा, ताई. इथं जो तो आपल्याच शेतात जेवायला वढून राहिला!"

साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. मग म्हणाले, "जागामालक कोण?"

आप्पा समोरच बसले होते, पण एकटे नव्हते. शेजारी त्यांचे उदगीरचे व्याही. धाकट्या लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, सोयरीक अजून कोरी करकरीत. माझ्या डोक्यात किडा वळवळला.

साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "साहेब, हेच बसवणप्पा. पाळणाघराला जागा यांचीच. मोठ्या मनाचा माणूस!"

आप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी तोंड उघडलं, पण व्याही आधी बोलले. "हे कदी बोलला न्हाईत, पावणं! लई पुण्याचं काम हाय की."

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "त्यात काय सांगायचं? लेकरं म्हंजी देवच."

"जागा पुढेही राहील ना?" साहेब.

"होस्टेल पुरं हुस्तोवर ऱ्हाईल. कोण काढतंय तेच बगतो!"

"आणि पाणी?" मी मधेच घुसले.

आप्पा दातओठ खात हसले. "बोअर हाय की. नळ काढून देतो."

साहेबांना शेजारच्या शेतवाल्यांनीही सोडलं नाही. आंबील पिऊन पिऊन ते परतीच्या गाडीत घोरायला लागले. फंड मंजूर झाला. शेरा होता, स्थानिक सहभाग उत्तम.

दुसऱ्या दिवशी आप्पा पाळणाघरात हजर. "बाई, व्याह्यासमोर बांधलात की वो मला!"

"मग जागा खाली करू?"

"आता कशी करता? व्याही बगायला येनार हायेत. तेवढं पोरांना वाईच गप बसायला शिकवा."

नळ त्याच आठवड्यात आला. पोरं काही गप बसली नाहीत.

होस्टेल पुरं होईपर्यंत पाळणाघर तिथंच चाललं. पुढं नव्या कार्यकर्त्यांना ट्रेनिंग देताना मी एवढंच सांगायची, फंड मिळवायला चांगलं प्रपोजल लागतं. जागा मिळवायला मालकाचे व्याही कधी जेवायला येतात, ते ठाऊक असावं लागतं.