बेंबळीच्या रायफलीचा भाव

बंदूक हातात आली की उस्ताद आधी अंगठा पुढं करत. मागचा खटका उघडायचा, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं आणि पुढच्या तोंडाला डोळा लावायचा. नखावरचा उजेड नळीत पडतो, आतला गंज, खड्डा, सगळं दिसतं. बघून झालं की एक सुस्कारा. माल चांगला असला तरी सुस्कारा, वाईट असला तरी सुस्कारा. समोरच्याला काही पत्ता लागायचा नाही.

मी तेव्हा धाराशिवच्या तहसील कचेरीत कारकून होतो. निजामी अंमल. परवानेदार मेला की त्याची बंदूक कचेरीत यायची. विकायची असली तर तिची किंमत उस्ताद ठरवत, आणि मी ती उर्दूत लिहीत असे. कचेरीमागच्या बोळात त्यांचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक ओटा आणि एक पेटी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामाचा वीट आलेला असतो, पण ते दुसऱ्याच्या हाती देववत नाही.

"चाललेली बंदूक बिघडत न्हाय बाबा, बसलेली बिघडते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, कारकुनाचंही तसंच आहे." तर म्हणाले, "न्हाय. कारकून बिघडूनच येतो." घ्या!

एकदा एका जहागीरदाराचा माणूस चांदीच्या नक्षीची बंदूक घेऊन मोठ्या तोऱ्यात आला. उस्ताद म्हणाले, "चांदी सोनाराला दाखवा. लोखंडाचे चाळीस." माणूस लालबुंद झाला, आरडाओरडा करून गेला. उस्ताद शांतपणे पान लावत बसले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस चाळीसला तयार होऊन आला. त्यांच्या शब्दावर घासाघीस नव्हती, कारण तो कधी हललाच नव्हता.

पोलीस ॲक्शनच्या आधीचं वर्ष. गावोगावची माणसं जीव वाचवायला निजामी हद्दीपलीकडं बार्शीला चालली होती. अशात बेंबळीच्या पाटलीणबाई आल्या. पाटील नुकतेच वारलेले. लाल फडक्यात गुंडाळलेली त्यांची जुनी रायफल, हरणं-सशांवर झाडायची, बारीक काडतुसाची.

"लेक बार्शीला हाय," त्या म्हणाल्या. "पर रिकाम्या हातानं तिच्या दारात जाऊन पडायचं न्हाय मला. जावई तोंडानं बोलायचा न्हाय. मला कळतंय की."

त्या साली जमिनीला गिऱ्हाईक नव्हतं. विकायला ही रायफलच. ती घ्यायला लोहाऱ्याचा एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, येऊन बसला होता. "उस्ताद म्हणतील ते देतो," म्हणाला.

रायफल लख्ख होती. लाकडी दस्त्यावर हळदीकुंकवाची बोटं. बाई कौतुकानं सांगू लागल्या, "दरसाल दसऱ्याला पुजायचो. पूजा झाली की भावकीतला हरएक गडी एकेकदा चाप ओढायचा. सलामी म्हणून. काडतूस महाग, तवा रिकामीच. पंचवीस दसरे झाले."

उस्तादांचा हात थांबला.

मला ही गोष्ट त्यांनीच पूर्वी समजावली होती. चाप ओढला की मोठ्या काडतुसाला आतल्या खिळ्याचा ठोसा मधोमध बसतो, या बारक्याला कडेवर. आत काडतूस नसलं की तोच ठोसा नळीच्या काठावर बसतो. काठ चेपतो, चेपलेलं लोखंड आत फुगतं, मग काडतूस नीट बसत नाही. तीनातलं एक पेटलं तर नशीब. आणि इथं पंचवीस वर्षं अख्खी भावकी ठोसे घालत आलेली, तेही हात जोडून!

उस्तादांनी काठावरून करंगळीचं नख फिरवलं. ते अडकलं. मी समोरच होतो, मला दिसलं.

"बोला उस्ताद," गुत्तेदार म्हणाला.

सुस्कारा. "दोनशे हाली रुपये. माल चोख."

साठाच्या वर भाव नव्हता हो! मी लेखणी धरून तसाच बसलो. उस्ताद माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिवा की." मी लिहिलं. बाईंचं तोंड मलाही बघवत नव्हतं.

त्या बार्शीला गेल्या. "तेलपाणी करून देतो," म्हणून उस्तादांनी गुत्तेदाराकडून रायफल ठेवून घेतली. आठ दिवस म्हणाले, लागले तीन आठवडे. पोलादाची एक बारीक सळई स्वतः घासून बनवली आणि फुगलेला काठ तसूतसूनं मागं दाबत बसले. डोळ्यांना धारा लागायच्या. मी म्हणालो, "राहू द्या की आता."

"एकदा खोटं बोललो, बाबा. आता ते खरं करायलोय. लई दिवस लागतात."

शेवटी दहापैकी दहा काडतुसं पेटली. गुत्तेदार खूश झाला. पण उस्तादांनी भाव सांगणं सोडलं. कचेरीतून दोनदा शिपाई गेला. "जीभ हलली. दुसरा माणूस बघा," एवढंच उत्तर. मी चिडलो. म्हणालो, एका खोट्यानं कुणी मरतं का? मी तर रोज लिहितो. त्यांनी पेटीचं झाकण लावलं. फार थकले होते.

मग पोलीस ॲक्शन झाली, आणि त्यानंतरचे ते दिवस, निजामावरचा राग गरीब मुसलमानांवर निघाला ते. त्याबद्दल आमच्या बाजारात अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही. ओटा रिकामा दिसला. कुणी म्हणे हैदराबादला गेले, कुणी मान खाली घाली. मी शोधायला गेलो नाही. भ्यालो होतो. याची लाज वाटते.

पुढं काही महिन्यांनी पाटलीणबाई परतल्या, त्या गावी जायच्या आधी थेट कचेरीत.

"उस्ताद कुठायत?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

त्या बाकावर टेकल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "ती रायफल पेटत न्हवती. मालक सांगायचे. मला ठाऊक होतं, तरी म्या गप बसले. त्या दिशी उस्तादांचा हात थांबला, तवाच वळखलं की ह्यांना कळलंय. भल्या माणसाच्या तोंडून खोटं वदवलं म्या. तेवढं त्यांना सांगायचं होतं."

त्यानंतर उस्तादांनी भाव सांगणंच सोडलं, हे मी बाईंना सांगितलं नाही. म्हणालो, "मला सांगितलंत ना बाई, झालं."

"तुमाला सांगून काय उपेग?" त्या म्हणाल्या.

खरंच काही उपयोग नव्हता.