आवळे आणि सईदाखालाची जीभ

आमचं जुवं म्हणजे खाडीतलं एवढंसं बेट. या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाला काढ्यासाठी आलं किसायला घेतात. चारी बाजूंनी खारं पाणी, मधोमध एकच गोडी विहीर, आणि मालकीण नसूनही तिच्यावर हुकूम चालवणारी माझी मावशी, सईदाखाला. विहिरीतलं गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं पातळ पसरलेलं असतं. हळू उपसलं तर पुरतं, हावरटासारखं ओढलं तर खालचं खारं वर येतं. खाला रोज सकाळी ओंजळभर चाखते, ‘गोड’ म्हणाली तरच पोहरे पडतात. भूजलवाले साहेब एकदा यंत्र घेऊन आले, तर यंत्र आणि खालाची जीभ एकच बोलली. तेव्हापासून ती साहेबांपेक्षा ताठ चालते.

गेल्या जानेवारीत तिच्या लेकीचं, मनालचं लग्न निघालं. पाहुणे तीनशे. मनालचा भाऊ कैफ दुबईहून आला तो पंप घेऊनच. खालाने आकांडतांडव केलं, मग अट घातली: दर तासाला मी चाखणार, मचूळ लागलं की पंप बंद.

लग्नाच्या आदल्या दिवशी पंप सुरू झाला. कैफ तासातासाला वाटी घेऊन धावे. खाला अंगणात लोणच्याचे आवळे निवडत बसलेली. दोन टोपलीत टाकी, एक तोंडात.

“अम्मी, कसा हाय?”

“शरबत!”

पुढच्या तासाला, “मध रे, मध!”

आवळ्यावर कुठलंही पाणी गोड लागतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लग्नाच्या आनंदात ना तिला आठवलं, ना आम्हाला. टाक्या भरत राहिल्या.

संध्याकाळी पहिला चहा फाटला. दुसराही फाटला. कैफने टाकीतलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकला. “अम्मी, ही तर खाडी!”

खालाने ओच्यातल्या आवळ्यांच्या बिया पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. मी हसून हसून लोळले. मग तिचा चेहरा दिसला.

“उद्या बिर्याणी कशात शिजवू? नि माझ्या जिभेवर आता कोण विश्वास ठेवील?”

पण रडत बसेल ती खाला कसली! कैफ म्हणाला, पंप बिघडला असं सांगू. तिने त्याच्या हातून फोन ओढला आणि थेट खाडीपलीकडच्या भाट्याला, मनालच्या होणाऱ्या सासूला लावला.

“विहीणबाय, आहेर नको, पाणी आणा. का म्हणजे? माझा चुकला. आवळे खाल्ले मी!”

सकाळी खाडीत होड्याच होड्या. कळशा, जार, दुधाचे कॅन. नवरदेव शेरवानीत आणि मांडीवर घागर! किनाऱ्यावर हसण्याचा नुसता कल्लोळ. खाला तेवढी धक्क्यावर अवघडून उभी, माफीचं भाषण पुटपुटत.

विहीणबाईंनी ते सुरूच होऊ दिलं नाही. भरला हंडा उतरवला, फुलपात्र बुडवलं आणि खालापुढे धरलं.

“तुम्ही चाखून सांगा. मगच तांदूळ पडतील.”

खालाने तीनदा चूळ भरली. घोट घेतला, डोळे पुसले.

“गोड,” ती म्हणाली, आणि बिर्याणीची डेग चुलीवर चढली.