कडकशेठच्या पलंगातले ढेकूण

शर्टाच्या कॉलरवर टाचणीच्या डोक्याएवढा शाईचा ठिपका असला, तरी कडकशेठना तो चार हातांवरून दिसायचा. गिऱ्हाइकाने गाठोडं सोडायच्या आत ते बजावायचे, "हा डाग आमच्याकडचा नाही हं, आधीच सांगून ठेवतो." बत्तीस वर्षं इस्त्री केली आणि एक कपडा जाळला नाही, याची त्यांना इतकी घमेंड होती, की गल्लीने त्यांचं नावच कडकशेठ ठेवलं. इस्त्रीही कडक आणि माणूसही कडक. अशा घारीच्या नजरेच्या माणसाला स्वतःच्या उशीवरचे डाग दिसले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बायको रोज सकाळी दंड पुढे करायची. एका ओळीत तीन लाल फोड. "अहो, ढेकूण झालेत आपल्याकडे."

कडकशेठ स्वतःचा दंड शेजारी धरायचे. गुळगुळीत. "मग मला कसे नाही चावत? एकाच पलंगावर झोपतो ना? मी काय कडू आहे?"

पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, उष्णता असेल. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, साबण बदल. महिना उलटला तेव्हा म्हणाले, तुझा भास आहे. रविवारी तिने पिशवी भरली, "चार दिवस बहिणीकडे जाऊन येते" म्हणाली आणि गेली. त्या चार दिवसांना आता अकरा आठवडे होत आले होते.

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. ते इस्त्री करायचे आणि टेबलापलीकडे बसून ती घड्या घालायची. घड्या घालता घालता, कुणाच्या शर्टाचं कुठलं बटण गेलंय आणि ते किती दिवस कुणी लावलेलं नाही, यावरून त्या घरात काय चाललंय ते ती सांगायची. दहातल्या नऊ वेळा खरं निघायचं. आता कडकशेठ शर्ट उचलून पलीकडे धरायचे आणि हात तसाच राहायचा. मग स्वतःच घडी घालायचे. फार आठवण यायची तिची. कुणाला सांगत नव्हते, कारण असलं सगळं जिला सांगायचं तीच घरात नव्हती.

फोन केला की ती बोलायची. जेवलात का, औषध घेतलंत का, सगळं विचारायची. येण्याचं काढलं की म्हणायची, "बघू."

शेवटी त्यांनी फवारणीवाल्या बाईंना बोलावलं, पण ढेकूण मारायला नव्हे. घरात ढेकूण नाहीत असं जाणत्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं, ते बायकोला ऐकवायचं, म्हणजे तिला न यायला सबब उरणार नाही, असा त्यांचा बेत होता. आपल्या हुशारीवर ते त्या दिवशी खूशही होते.

बाई आल्या त्या एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात पत्त्यांतला जुना राजा घेऊन. गादीच्या शिवणीतून पत्ता फिरवला, मग कडकशेठची उशी उलटी केली.

"काका, हे काय?"

पेनाच्या टोकाने टेकवल्यासारखे काळे ठिपके होते, पंधरा-वीस. "ही त्यांची घाण. प्यायलेलं रक्त पचलं की अशी काळी पडते."

"पण मला चावतच नाहीत!"

"चावतात हो. कुणाच्या अंगावर उठतं, कुणाच्या अंगावर काहीच उठत नाही. एकाला फोड आणि दुसरा ठणठणीत, हे घरोघरी बघते मी. आणि मग भांडणं." बाई हे गादी उचलता उचलता सहज बोलल्या. कडकशेठ मात्र उशीवरचे ठिपके एकेक करून मोजत राहिले.

"बाहेरून काय आणलं होतंत? हे काही आपणहून उगवत नाहीत. घर स्वच्छ असलं तरी सामानातून येतात."

कडकशेठना आठवलं. एका लॉजच्या चादरींचं गाठोडं. दुकानात जागा नव्हती म्हणून दोन दिवस त्यांनीच ते पलंगावर ठेवलं होतं, तिच्या बाजूला.

बाईंनी पलंगाच्या चौकटीचे स्क्रू सोडले तेव्हा फटींतून पिवळे तुकडे पडू लागले. धुण्याचा साबण, बोटाने दाबून भरलेला, वाळून दगड झालेला.

"फटी बुजवायचा जुना उपाय," बाई म्हणाल्या. "पुरत नाही यांना, पण कुणीतरी जीव तोडून केलंय. तुम्ही कुठे झोपता?"

"भिंतीकडे."

"भिंतीकडच्या सगळ्या बुजवल्यात. या बाजूच्या अर्ध्याच. साबण संपला असेल."

साबण संपला नव्हता. वड्या कुठे जातात म्हणून कडकशेठनी तिला दोनदा बोल लावला होता, आणि तिसऱ्यांदा कपाटाला कुलूप घातलं होतं.

त्याच पावली बहिणीकडे पळावं असं त्यांना वाटलं. पण रिकाम्या हाताने काय सांगणार? मग माणूस कामाला लागला. चादरी, अभ्रे, पडदे उकळत्या पाण्यातून काढले. गादीच्या शिवणीवरून वाफेची इस्त्री गोगलगाईच्या चालीने फिरवली, कारण घाई केली तर वरचं फक्त गरम होतं आणि आतले जगतात. पलंग भिंतीपासून ओढला. बाईंनी फटींत औषध मारलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येऊन मारलं, कारण अंडी पहिल्या फवाऱ्याला दाद देत नाहीत. रोज सकाळी कडकशेठ पांढऱ्या चादरीवर बॅटरी धरून ठिपके शोधायचे. आधी सात, मग दोन. मग सलग पाच आठवडे एकही नाही.

तेव्हा ते मेव्हणीच्या घरी गेले. दार बायकोनेच उघडलं.

"गेले सगळे," ते म्हणाले.

"कोण?"

"ढेकूण."

"नव्हतेच ना?"

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं कडकशेठ विसरले. "होते," ते म्हणाले. "मलाही चावत होते. माझ्या अंगावर उठत नव्हतं, एवढंच." मग म्हणाले, "तुझ्या अंगावर तर उठत होतं. तू दाखवत होतीस. मी बघितलं नाही. चुकलं माझं."

आतून मेव्हणी "भावोजी, आत तरी या" म्हणाली. बायको दारातून हलली नाही.

"एवढे दिवस झोपलात कुठे?"

"तिथेच. बाई म्हणाल्या, खोली सोडायची नाही. माणूस नसला तर ते महिनोन्‌महिने उपाशी दबा धरून बसतात. माणूस असला की त्याच्या उबेला बाहेर येतात, औषधावरून चालतात आणि मरतात. तुझ्या बाजूला झोपतो मी. तिकडे जास्त होते."

ती त्यांच्या दंडाकडे बघत राहिली. दंड नेहमीसारखाच गुळगुळीत होता.

"आणखी पंधरा दिवस झोपा तिथे," ती म्हणाली. "मग येते."

"राहायला?"

"आधी बघायला."

कडकशेठ "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. इतक्या आठवड्यांत तिने पहिल्यांदाच दिवस ठरवून दिला होता.