मानेवरचा नंबर

आईचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला, होस्टेलच्या जिन्यात बसून मोबाईलवर आबांच्या अर्जाची स्थिती बघत होते. रोज सकाळी बघायची सवयच लागली होती. अर्जदाराचं नाव, गाडीचा जुना नंबर आणि त्याखाली एकच शब्द, प्रलंबित. आई म्हणाली, "आबा गेले वं… सकायी उठलेच नाई." मी विचारलं, कोणते आबा? जणू आम्हाला दोन-तीन आबा होते. अकोल्याच्या बसमध्ये बसल्यावरही मी ते पान दोनदा उघडलं. का उघडलं ते मला सांगता येणार नाही. माणूस गेला तरी त्याचा अर्ज प्रलंबितच राहतो, हे कदाचित मला बघायचं असेल…

आबा म्हणजे माझ्या आईचे काका. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. नोकरीचा बहुतेक काळ वरूड तालुक्यात गेला, त्यातही शेंदूरजनाघाटाकडे. संत्र्याच्या बागांमधून, बांधाबांधाने ते त्यांच्या मोटरसायकलवर फिरायचे आणि गाईबैलांच्या जखमा धुवायचे. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. ते दरवेळी म्हणायचे, "डाक्टर नाई बाप्पा, मी पट्ट्या बांधनारा." गाडी त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला घेतली होती, म्हणजे आता तिला पन्नास वर्षं होऊन गेली. सगळे तिला फटफटी म्हणायचे. तिचा आवाज ऐकून बसलेली गाय उभी राहायची असं आबा सांगत. मला ते खरं वाटत नसे, पण मी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

आमचं गाव बाळापूरच्या पुढे. आमच्या घरात दहावीच्या पलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. माझी दहावी झाल्यावर आबाच मला अकोल्याला त्यांच्या घरी घेऊन आले आणि बारावीपर्यंत मी त्यांच्याकडे राहिले. तेव्हा आजी होती. आबांची बायको, शेतकऱ्याची मुलगी, पण लग्न झालं ते पगारदार माणसाशी, त्यामुळे घरी बैल नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. जू घेऊन घेऊन घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आजी ती खांदशेकणी फटफटीची करायची. हँडलच्या खाली, जिथून गाडीची मान सुरू होते, तिथे ती लोणी-हळद चोळायची, वर तेलात कालवलेल्या शेंदराची बोटं ओढायची आणि अगदी गंभीरपणे म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आबा शेजारी उभे राहून म्हणत, "अवं, थे पेट्रोल पेते." दुसऱ्या दिवशी गाडीपुढे पुरणपोळीचं ताट खरंच असायचं. इतक्या वर्षांत त्या जागी लोणी, हळद, शेंदूर आणि रस्त्यांची धूळ यांचा थर दगडासारखा कडक झाला होता. मी बारावीत असताना आजी गेली. त्यानंतर त्या थराला कोणी हात लावला नाही.

आबांचा मुलगा, माझा प्रशांतमामा, पुण्याला असतो. तो वाईट नाही. पण फोनवर दरवेळी एकच सांगायचा, ती गाडी भंगारात देऊन टाका, ओट्यावर जागा अडवते. नोंदणी केव्हाच संपली होती. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी करता येते आणि जुना नंबरही ठेवता येतो, हे मी एकदा वाचून आबांना सांगितलं. आबांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग जेवताना म्हणाले, "मी आज हाओ, उद्या नाई. तिचा कागद असला त मंग कोनी भंगार म्हननार नाई." त्यांना गाडीसाठी एवढंच हवं होतं. आपल्या मागे तिला कोणी भंगार म्हणू नये. घरातले सगळे फॉर्म मीच भरायचे, कारण मी शिकलेली. हाही मी भरायला घेतला, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

आधी विमा लागणार होता. विम्याचे एजंट काका घरी आले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि लॅपटॉप उघडून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "आबाजी, कंपुटरमंदी हे सालच नाई." आबा म्हणाले, "मंग मी बी नसन त्याच्यात." तेव्हा आम्ही तिघंही हसलो. शेवटी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून मोठ्या ऑफिसला पाठवले आणि पंधरा दिवसांनी पॉलिसी आली. त्यात गाडीचा चेसिस नंबर आरसी बुकातून उतरवला होता, पूर्ण. आबांनी पॉलिसी वाचली नाही, नुसती दोन्ही हातांनी धरून बसले.

मग आरटीओ. तिथल्या साहेबांनी नियम समजावून सांगितले. नोंदणी झाली तरी गाडी रोजच्या वापरात आणता येणार नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. बाहेर आल्यावर आबांनी मला विचारलं, "पेट्रोल भराले नेता येते न?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग वरूडच्या पंपावर भरू. तठी मोजमाप चांगलं हाये." त्या दिवशी ते इतके खूश होते की मला लहान मुलीसारखा उसाचा रस घेऊन दिला आणि स्वतःचा अर्धा ग्लास माझ्या ग्लासात ओतला.

साहेबांनी एक काम सांगितलं होतं. गाडीच्या मानेवर चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. तो ठसा अर्जाला जोडायचा आणि तपासणीच्या दिवशी गाडीवरचा नंबर बुकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. नंबर नेमका आजीच्या शेंदराखाली होता. आबा म्हणाले, घासलेट लावून फडकं गुंडाळून ठेवू, दोन-तीन दिवस भिजू दे, आपोआप सुटन. जनावराच्या जखमेवरची खपली ते अशीच काढायचे. मला म्हणाले, "ओढू नोको. भिजली की थेच सोडते." एवढं सांगून ते पेन्शनच्या कामाने बँकेत गेले.

माझी अमरावतीची बस चारची होती. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. मला वाटलं, आबा येईपर्यंत ठसा काढून अर्ज पूर्ण करून ठेवावा, त्यांना केवढा आनंद होईल… शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे. तिथून कानस आणि पॉलिश पेपर मागून आणला. खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि बसले घासत. थर निघायला लागला. लाल, पिवळा, काळा, पुन्हा लाल. एका जागी बोटाची रेघ दिसली, आजीची असणार, पण मी थांबले नाही. लोखंड चमकेपर्यंत घासलं. इतकं स्वच्छ काम आपण कधी केलं नाही असं मला वाटत होतं. मग कागद धरून पेन्सिल फिरवली. सुरुवातीचे आकडे उमटले, शेवटचे दोन उमटले. मधे नुसतं काळं. मी दुसरा कागद घेतला. पेन्सिल दाबून फिरवली, हलकी फिरवली. मधे नुसतं काळं.

आबा आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. त्यांनी आधी नंबर पाहिला नाही. खालच्या वर्तमानपत्रावर पडलेला लाल-पिवळा भुगा पाहिला. वाकून त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चारी कडा आत दुमडल्या आणि पुडी आरसी बुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली. मग मानेवर अंगठा फिरवला. म्हणाले, "लोखंड जुनं झालतं. टिकलं नाई." आणि मला म्हणाले, ऊठ, बस चुकन.

अर्धवट उमटलेला ठसाच जोडून मी अर्ज भरला आणि तपासणीला मुद्दाम अमरावतीहून आले. गाडी टेम्पोत घालून नेली होती. साहेबांनी बॅटरीच्या उजेडात नंबर पाहिला आणि त्यांचा आवाज बदलला. हा घासलेला आहे, म्हणाले, कोणी घासला? मी आबांच्या शेजारीच उभी होते. तोंड उघडलं होतं, हे मला अजून आठवतं.

"म्याच घासला साहेब," आबा म्हणाले. "पोळ्याचा शेंदूर होता त्याच्यावर."

"मोटरसायकलला पोळा?" साहेबांनी विचारलं. मागे उभे असलेले दोघं हसले.

"माहा बैल थोच होता साहेब," आबा म्हणाले. त्यांनी हे हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

साहेब रागावले नाहीत. नियम सांगितला. घासलेला नंबर म्हणजे गाडी चोरीची असू शकते. आधी पोलिसांचं पत्र लागेल, मग नंबर पुन्हा ठोकायची परवानगी, मग अर्ज पुढे जाईल. तोपर्यंत प्रलंबित. परत येताना ऑटोत आबा बाहेर बघत बसले होते. मी म्हणाले, आबा, तुम्ही तसं कायले सांगितलं? ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तुले उद्या नोकरीचे फारम भराचे हायेत. पोलिसात तुहं नाव कायले पायजे?" आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो… पण मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

पोलीस स्टेशनला ते एकटेच गेले. एकदा नाही, तीन-चारदा. आईने नंतर मला थोडं थोडं सांगितलं. गाडी कोणाकडून घेतली, पाहणारं कोणी आहे का, हे त्यांना विचारलं गेलं. ज्याच्याकडून घेतली तो कधीच वारलेला. पाहणारे आपले लोक म्हणजे शेंदूरजनाघाटाकडची म्हातारी माणसं, त्यातलंही आता किती कोण उरलंय… बाकावर बसून राहायचे आणि उद्या या म्हटलं की उठून यायचे. ज्या माणसाच्या गाडीचा आवाज चाळीस गावं ओळखत होती, त्याला ती चोरली नाही हे लिहून द्यावं लागत होतं. तेही माझ्या कानसीमुळे. शेवटच्या खेपेहून आल्यावर त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि दोरीने चारी बाजूंनी बांधली. आधी रोज संध्याकाळी ते टाकीवरून फडकं फिरवायचे. ते बंद झालं. मी सुट्टीत गेले तेव्हा ताडपत्रीवर चिमण्यांची घाण साचलेली होती आणि आबा तिकडे पाठ करून खुर्चीवर बसले होते. मी तेव्हाही म्हणू शकले असते की चला, मी पोलिसांना सांगते. मी त्यांना चहा करून दिला आणि अर्जाची स्थिती बघून देते म्हणाले. "पाह्य," ते म्हणाले. मी पाहिली. प्रलंबित. ते म्हणाले, "बरं."

त्यानंतर दीड महिन्याने ते गेले. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. मला दुसरं काही म्हणायचा अधिकार नाही.

तेरवीनंतर दोन दिवसांनी भंगारवाला आला. प्रशांतमामाने आधी जुन्या गाड्या घेणाऱ्या एकाला विचारलं होतं, पण मानेवर पूर्ण नंबर नाही म्हटल्यावर त्याने हात लावला नाही. दोन माणसांनी गाडी हातगाडीवर आडवी केली. पुढचं चाक थोडं फिरलं आणि थांबलं. मी मामाजवळ गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, तो नंबर मी घासला होता. आबांनी नव्हता घासला." एवढे दिवस न बोललेलं वाक्य मी मोठ्याने बोलले. मामा दोरीची गाठ बघत होता. म्हणाला, "असू दे गं. आता काय फरक पडतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. कोणाच्याच नव्हता. ज्याला ते ऐकायला हवं होतं तो माणूस नव्हता, आणि बाकीच्यांना त्याचं काही नव्हतं.

गाडीचा विमा अजून चालू आहे. पॉलिसीवर मी माझाच मोबाईल नंबर दिला होता, म्हणून कंपनीचे मेसेज मला येतात. गाडी सुरक्षित चालवा, असं ते कळवतात. त्या पॉलिसीत चेसिस नंबर पूर्ण छापलेला आहे, एकही आकडा गेलेला नाही.

परवा पोळ्याचा आदला दिवस होता. मामाला घर विकायचं आहे म्हणून आई आणि मी अकोल्याला आवराआवर करायला गेलो होतो. कपाटात आरसी बुक सापडलं, त्याच्या पाकिटात वर्तमानपत्राची ती पुडी. मी पुडी उघडली नाही. संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून वाटी घेऊन ओट्यावर आली. वाटीत लोणी आणि हळद. गावाकडच्या सवयीने कालवली असेल, मी विचारलं नाही. ओट्यावर गाडी उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग आहे, घासूनही न गेलेला. आई वाटी धरून त्या डागाशी उभी राहिली, मग माझ्याकडे बघितलं. मी बोट वाटीत बुडवलं. पण ते कुठे लावायचं ते मला कळेना. तसंच हवेत धरून मी म्हणाले, आज आवतन घ्या… पुढचं आलं नाही. आई आत निघून गेली. बोटावरचं लोणी वितळून मनगटापर्यंत आलं, तरी मी तिथेच उभी होते.