जिजीचं काटेरी वांगं

जिजी कुणाला माफ करत नसे. देवळाली कॅम्पच्या बाजारात ती वांगी विकायची. फौजींच्या बायका कुणी बैंगन मागत, कुणी बेगुन, कुणी वंकाय. जिजीला सगळी नावं पाठ. "नाव काय बी घ्या, चव माझीच हाय," असं म्हणायची.

चव खरंच तिची होती. सासूकडून आलेलं ते हिरवट, काटेरी वांगं. बियांसाठी राखलेली फळं ती झाडावरच पिवळी होऊ द्यायची, पाण्यात कुस्करून बी काढायची आणि वाळवून राखेत ठेवायची.

नव्वदच्या सुमारास मी नाशकात बियाण्यांच्या एका दुकानात नोकरीला होतो. आमच्या शेठनी परसात लावायला म्हणून तिच्याकडून ओंजळभर बी नेलं. दोन वर्षांनी तेच बी पाकिटात आलं, वर वाणाचं नाव म्हणून शेठच्या मुलीचं नाव. पाकिटं मीच भरली. बी कुणाचं ते ठाऊक असून गप्प राहिलो.

त्यातलं एक पाकीट घेऊन जिजी जाब विचारायला दुकानात आली. शेठ हसून म्हणाले, "वांग्यावर काय तुझं नाव लिहिलं होतं?" तिनं पाकीट ठेवलं आणि निघून गेली.

त्या हंगामात तिनं बाजारात एकही वांगं आणलं नाही. सगळं शेत पिवळं होऊ दिलं. पेरणीच्या तोंडावर आमच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या पायरीवर बियांचं गाठोडं घेऊन बसली. येईल त्या शेतकऱ्याला मूठभर बी फुकट द्यायची; अट एकच, समोर जाऊन शेठला सांगायचं, "बी जिजीचं हाय, फुकट मिळालं." आमची पाकिटं तशीच पडून राहिली. शेवटी शेठ स्वतः रस्ता ओलांडून हात जोडायला गेले. तिनं त्यांच्यापुढेही मूठ धरली. "घ्या. परसात लावा."

पुढे ते वांगं घरोघर झालं आणि तिचं निम्मं गिऱ्हाईक तुटलं. यात तुझंच नुकसान झालं, असं मी एकदा म्हटलं.

"झालं की. पण त्याला नाय मिळू दिलं."

नंतर मी अंबडच्या कारखान्यात लागलो. घरामागे लावायला चिमूटभर बी मागायला तिच्याकडे गेलो. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

"पाकिटं ह्याच हातांनी भरली ना?"

एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. पुन्हा माझ्याशी बोलली नाही.

काही वर्षांनी ती गेली. दहाव्याला तिची सून आलेल्या प्रत्येकाच्या हातावर थोडं बी ठेवत होती. मीही रांगेत होतो. माझ्या पुढचा माणूस सरकला, तिनं मूठ पुढे केली. मी हात जोडले आणि बाजूला झालो.