मिस्त्रींचा रविवार

देवळाली प्रवरात माझी सायकल दुरुस्त करणारे मिस्त्री कॅथलिक होते. चाकाचे आरे आवळताना ते लॅटिन प्रार्थना पुटपुटत. अर्थ विचारला की म्हणत, "देवाला कळतो."

सत्तरच्या सुमारास रोमच्या पोपच्या नव्या नियमांनी त्यांच्या चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनऐवजी मराठीत सुरू झाली. "देवाशी घरच्या भाषेत बोलायचं म्हंजी लई सलगी झाली, गुरुजी," असं ते मला दर सोमवारी ऐकवत.

एका शनिवारी मुंबईहून त्यांचे मेहुणे आले. माझ्यादेखतच म्हणाले, "हा पोप खरा नव्हेच. त्याची मिस्सा चुकवली तर पाप लागत नाही."

मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिलं. मला वाटलं, आता हे खूश होतील.

"पोप चुकला आसंल, पाव्हनं," ते म्हणाले. "पन त्यो चुकला म्हनून मला सुटी मिळत न्हाई."

मेहुणे रागावून न जेवताच निघाले. मिस्त्रींनी त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना एस.टी. स्टँडपर्यंत पोचवून आले.

सोमवारी मी विचारलं, "गेलात का काल?"

"गेल्तो."

"मग, आवडली मिस्सा?"

"न्हाई," ते म्हणाले. "पुढल्या रविवारीबी जानार हाय."